सूचना कुठे लावता, त्यावर सभासदांचे रिचार्ज ठरते

इंदूरमधील मराठी मंडळे, वाचनालये, भजनी मंडळे, भिशी गट आणि गणेशोत्सव समित्यांच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

स. न. वि. वि.

उत्सवाच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या की दोन ठराव हमखास समोर येतात. पहिला : छापील सूचनापत्रे बंद, यापुढे सगळे फक्त व्हॉट्सॲप गटावर. दुसरा : अमुक मोबाइल कंपनी मांडवात स्टॉल लावते आहे, देणगीही देते आहे, तर सभासदांनी तिचे सिम घ्यावे. पहिला ठराव पाच मिनिटांत मंजूर होतो आणि दुसऱ्यावर तासभर वाद रंगतो. आमच्या मते हे उलटे व्हायला हवे. सिमच्या ठरावाने सभासदाचे फारसे बिघडत नाही (थोडे बिघडते, ते पुढे सांगतो). गटाच्या ठरावाने मात्र रामबागेत किंवा लोकमान्य नगरात एकट्या राहणाऱ्या, बटणाचा फोन वापरणाऱ्या सभासदाच्या माथी आठ-दहा हजारांचा नवा फोन आणि कायमचा डेटा पॅक बसतो. तो खर्च मंडळाच्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही, म्हणून तो झालाच नाही असे सर्वांना वाटते.

याचे कारण फोन या वस्तूच्या मागणीतच आहे. पोह्यांच्या प्लेटची चव शेजारच्या टेबलावर कोण काय खातो यावर ठरत नाही. फोनचे तसे नाही, त्याची किंमत समोरच्याकडे फोन आहे की नाही यावर ठरते. अर्थशास्त्रात याला परस्परावलंबी मागणी किंवा नेटवर्क इफेक्ट म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील जेफ्री रोल्फ्स यांनी 1974 मध्ये त्याचे गणित नीट मांडले. त्याच्या चार वर्षे आधी, 1970 मध्ये, अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने पिट्सबर्ग शहरात चेहरा दिसणारा फोन विकायला काढला होता. भाडे महिन्याला 160 डॉलर. यंत्र चालत होते, पण ते घेऊन बोलायचे कोणाशी? समोर घेणारे नव्हते म्हणून नवे कोणी घेईना, आणि नवे कोणी घेईना म्हणून समोर कोणी नव्हते. अशा वस्तूला एक उंबरठा असतो. त्याच्या आत ती आपोआप मरते, तो ओलांडला की आपोआप पसरते. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतोच.

आता गाव म्हणजे नेमके कोण, हे पाहू. 300 सभासदांचे मंडळ धरा. त्यांच्या आपापसांतील जोड्या 44,850 होतात. जाळे वाढले की त्याचे मोल सभासदसंख्येच्या वर्गाने वाढते, असे सांगणारे हाच आकडा पुढे करतात. पण कोणताही सभासद मंडळातल्या आठ-दहा जणांशीच नेमाने बोलतो. दहा धरले तर खरी नाती 1,500 भरतात, म्हणजे त्या मोठ्या आकड्याचा तिसावा भाग. माणूस फोन, कंपनी किंवा ॲप निवडतो तो या दहा जणांकडे पाहून. देशात त्या कंपनीचे किती कोटी ग्राहक आहेत, याच्याशी त्याला काही घेणे नसते. मंडळात एकच व्यक्ती अशी असते की जी तीनशेही जणांच्या ‘दहा’त मोडते, ती म्हणजे कार्यवाह. म्हणून कार्यवाहांनी सूचना कुठे टाकायची ठरवले की उंबरठा एका झटक्यात ओलांडला जातो. ही ताकद जाहिरातीवर कोट्यवधी रुपये घालणाऱ्या कंपनीकडेही नाही, आणि आपण ती फुकटात वापरतो.

सिमच्या बाबतीत हे जाळे एकेकाळी खरेच घट्ट होते. 1995 मध्ये देशात मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. 1 मे 2003 पासून येणारे कॉल मोफत झाले. त्यानंतरही एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत कॉल गेला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे जोडणीशुल्क द्यावे लागे : 2009 पासून 20 पैसे, मार्च 2015 पासून 14 पैसे, ऑक्टोबर 2017 पासून 6 पैसे. हा खर्च असेपर्यंत ‘आपल्याच कंपनीत स्वस्त’ हे आमिष चालत असे, आणि अख्खे घर, अख्खी भिशी एकाच कंपनीत जाई. ते जाळे दरांनी विणलेले होते. 20 जानेवारी 2011 पासून नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, आणि 1 जानेवारी 2021 पासून जोडणीशुल्क शून्यावर आले. आज कोणत्याही नेहमीच्या पॅकवर कोणत्याही कंपनीत कॉल सारखाच. ‘सगळ्या मंडळाने एकच सिम घेतले तर बोलणे स्वस्त पडेल’ हे विधान वीस वर्षांपूर्वी बरोबर होते, आज ते साफ चूक आहे. उलट सगळे एकाच कंपनीत असले आणि विसर्जनाच्या दिवशी राजवाड्याच्या गर्दीत त्या कंपनीचे जाळे तुंबले, तर एकाही स्वयंसेवकाचा फोन लागणार नाही. निदान मिरवणुकीचे नियोजन करणाऱ्यांच्या हातात तरी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असावेत.

सिमची पकड किती सैल झाली, हे जुलै 2024 मध्ये दिसले. तिन्ही खासगी कंपन्यांनी त्या महिन्याच्या सुरुवातीला दर वाढवले आणि त्या एका महिन्यात बीएसएनएलच्या ग्राहकांत 29 लाखांहून जास्त भर पडली. पुढे नोव्हेंबरपासून ओघ उलटा फिरला. लोक दर पाहून गेले, आणि रेंज न मिळाल्यावर परतही आले. मागणी अशीच वागायला हवी, ग्राहकाला दार उघडे असायला हवे. पण त्याच काळात व्हॉट्सॲप सोडून कोणी गेले नाही. जाणारा एकटा कुठे जाणार? कंपनी बदलली तरी नंबर बरोबर येतो, गट येत नाही. पकड सिमवरून सुटली ती ॲपवर जाऊन बसली, आणि ती आपल्याच सूचनांनी घट्ट होते.

मांडवातल्या सिमच्या स्टॉलबद्दल थोडे. देणगी जरूर घ्या, पण सभासदांना पुढील गोष्टी आधी सांगा. कंपनी बदलण्यासाठी इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, एक मोकळी जागा आणि आपला दहा आकडी नंबर असा संदेश 1900 ला पाठवायचा. उत्तरादाखल आठ अक्षर-अंकी कोड येतो. आपल्या दूरसंचार मंडलात (टेलिकॉम सर्कल, म्हणजे फोनसेवेसाठी पाडलेला विभाग) तो चार दिवस चालतो. शुक्रवारी कोड काढून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटले की तो वाया जातो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण नसतील, पोस्टपेडचे बिल थकले असेल, किंवा त्याच नंबरचे सिम बदलून घेतल्याला सात दिवस झाले नसतील (हा शेवटचा नियम 1 जुलै 2024 पासूनचा), तर कोड मिळतच नाही. काम साधारण तीन कामकाजी दिवसांत होते. नंबर पुण्या-मुंबईकडचा, म्हणजे दुसऱ्या मंडलाचा असेल तर पाच दिवस लागतात. विचार बदलला तर 24 तासांच्या आत रद्द करता येते. जुन्या सिममधली शिल्लक आणि उरलेली मुदत बरोबर येत नाही. त्यामुळे नवा पॅक मारल्यावर दुसऱ्याच दिवशी कंपनी बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती फोनच्या जातीवरून. जिओकडे 2जी नाही. तिथे कॉलही 4जी-5जीवरूनच जातो. जुना 2जीचा बटणाचा फोन असलेल्या सभासदाने स्टॉलवर आपला नंबर तिकडे नेला तर नवे सिम सुरू होते त्या दिवशी टॉवरच दिसत नाही, आणि जुने सिम तोवर बंद झालेले असते. बीएसएनएलच्या 4जीची गोष्ट वेगळी. त्यांचा 700 मेगाहर्ट्झचा भाग, म्हणजे बँड 28, अनेक जुन्या स्मार्टफोनमध्ये नसतोच. मग फोन 4जीचा, सिम 4जीचे, आणि वेग मात्र रडतखडत. सिम घेण्याआधी फोनचे मॉडेल जेल रोडवरच्या कोणत्याही जाणत्या दुरुस्तीवाल्याला दाखवावे. कोणते बँड आहेत ते तो दोन मिनिटांत सांगतो. आणि स्टॉलवर अंगठा एकदाच द्यावा. ‘उमटला नाही, पुन्हा द्या’ असे दोनतीनदा झाले तर आपल्या नावावर दुसरे सिमही निघालेले असू शकते; घरी येऊन सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहावे. मध्य प्रदेशात एका व्यक्तीच्या नावावर नऊ जोडण्या चालतात, म्हणून एखादी जास्तीची जोडणी सहज खपून जाते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नाही’ म्हणून कळवता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे. गट सोयीचा आहे, तो बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ‘फक्त’ हा शब्द काढा, एवढेच म्हणतो. फक्त गटावर विसंबल्याने काय काय बिघडते ते पाहा. एकच ॲडमिन असतो. त्याचा नंबर बदलतो, फोन हरवतो किंवा ती व्यक्ती जाते. ॲडमिन स्वतः गटातून बाहेर पडला तर ॲप दुसऱ्या कोणाला तरी आपोआप ॲडमिन करते. पण सभासद घेण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे असेल आणि तो बाहेर न पडता नुसता गप्प झाला, तर नवा सभासद आत घ्यायला कोणीच उरत नाही. खाते 120 दिवस न वापरल्यास व्हॉट्सॲप ते साधारणपणे पुसून टाकते. तोवर थांबायचे का? म्हणून ॲडमिन किमान तीन असावेत, तिघे वेगवेगळ्या घरांतले. ‘ब्रॉडकास्ट’ यादीतून पाठवणाऱ्यांचा आणखी एक घोळ होतो. त्या यादीत 256 जण मावतात, पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश मिळतो. नवा कार्यवाह आला की निम्म्यांकडे त्याचा नंबर नसतो, आणि त्याला वाटते सगळ्यांना कळले.

शिवाय ॲप आपल्या सोयीने फोन मागे टाकत जाते. 2017 मध्ये आलेला बटणांचा जिओफोन आणि त्याच्यासारखे कायओएस या प्रणालीवर चालणारे फोन अनेकांनी व्हॉट्सॲप चालते म्हणूनच घेतले होते. जून 2024 नंतर त्यांवर ते नव्याने उतरवता येईना आणि 2025 मध्ये ते बंदच पडले. फोन धडधाकट, पण गट गेला. अशा सभासदाला नवा फोन घ्यायला लावणारी मागणी त्याची स्वतःची नव्हे, ती आपण त्याच्यावर लादलेली असते.

एक कायदेशीर बाबही. आपली बहुतेक मंडळे मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली नोंदलेली आहेत. सर्वसाधारण सभेची सूचना कशी द्यायची हे आपल्या नियमावलीत लिहिलेले असते. तिथे ‘लेखी सूचना’ असे असेल आणि आपण नुसता गटावर संदेश टाकला, तर निवडणुकीच्या वर्षी नाराज उमेदवार त्यावरच बोट ठेवेल. आधी नियमावली उघडून पाहा, आणि बदल करायचा तर रीतसर करा.

उपाय साधा आहे. सभासदांची नोंदवही कागदावर किंवा तक्त्यात मंडळाची स्वतःची असावी; गटातली यादी म्हणजे नोंदवही नव्हे. नाव, नंबर, फोन बटणाचा की स्मार्ट, आणि सूचना कशी हवी : गट, एसएमएस, कॉल की कागद. हा शेवटचा रकाना सभासदानेच भरायचा. ही यादी हाती असली की उद्या दुसऱ्या ॲपवर जायचे ठरले तरी जाता येते. ती नसली तर आपण ॲपचे कूळ.

एसएमएस लिहिताना मराठीची एक खोच आहे. रोमन अक्षरांत एका संदेशात 160 चिन्हे मावतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण वेगवेगळी मोजली जाते. ‘कार्यकारिणी’ डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, फोन अकरा मोजतो. ‘सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात अत्यंत आनंद होतो की’ एवढ्यातच 64 जागा संपतात आणि आनंद कशाचा हे दुसऱ्या संदेशात जाते. संदेश लांबला की त्याचे 67-67 चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा एसएमएस म्हणून मोजला जातो. त्याऐवजी :

‘कार्यकारिणी बैठक रवि 14, सायं 6, सभागृह. या.’

यात 44 जागा लागतात. नमस्कार राहिला, तो सभेत करा. काही जुन्या फोनांत देवनागरीऐवजी चौकोन उमटतात. त्यांना रोमन लिपीत पाठवावे, पण त्यात चुकूनही एक देवनागरी अक्षर किंवा कुठून तरी चिकटवलेले नागमोडी अवतरणचिन्ह येऊ देऊ नये. एका परक्या चिन्हाने सगळ्या संदेशाची मर्यादा 160 वरून 70 वर येते. नेहमीच्या पॅकमध्ये दिवसाला 100 एसएमएस असतात, म्हणून साठ-सत्तर जणांपर्यंत दोन पदाधिकाऱ्यांच्या फोनवरून काम भागते. शेकडो जणांना एकगठ्ठा पाठवायचे तर कंपनीच्या डीएलटी नोंदणीतून जावे लागते. तिथे संस्थेची नोंद, पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यातला एक शब्द बदलला तरी संदेश अडतो. लहान मंडळाने त्या फंदात पडू नये.

कॉल तर आता फुकटच आहेत. बटणाच्या फोनचे 40 सभासद असतील तर पाच जणांनी प्रत्येकी आठ जणांना सांगावे. एकाला वीस मिनिटे पुरतात. चाळीसही कॉल एकाच नंबरवरून करू नका. लागोपाठ छोटे छोटे कॉल करणारा नंबर काही कंपन्यांच्या यंत्रणेला संशयास्पद वाटतो आणि समोरच्या पडद्यावर तशी खूण उमटते. मग कार्यवाहांचाच फोन कोणी उचलत नाही. ‘सांगितले’ आणि ‘उचलला नाही’ अशी खूण नोंदवहीत त्याच वेळी करावी, नाहीतर पाचही जण पुन्हा त्याच जोशीकाकूंना फोन करतात.

बटणाचा फोन असलेल्यांना डेटाचा पॅक मारू नका, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगावे. डिसेंबर 2024 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने नियम बदलून प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा पॅकची कमाल मुदत 90 वरून 365 दिवस केली. दुकानात तो मागून घ्यावा लागतो. न मागता रोजच्या दीड-दोन जीबीचाच मारला जातो. मुदतीचे गणितही करावे. 28 दिवसांचा पॅक महिन्याचा वाटतो, पण वर्षाला 13 लागतात. 84 दिवसांचे चार घेतले तरी 336 दिवसच होतात, 29 दिवस उरतात. 2022 पासून प्रत्येक कंपनीला निदान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा पॅक ठेवावा लागतो, तोही विचारून घ्यावा. 90 दिवस कॉल, संदेश, डेटा काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो. प्रीपेड खात्यात किमान 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून 30 दिवस वाढवून देण्याचा नियम आहे. मुलाकडे पुण्याला तीन-चार महिने राहायला जाणाऱ्यांनी निघण्याआधी हे पाहावे. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि तो परका माणूस आपल्या जुन्या नंबराने त्याच गटात बसलेला असू शकतो. म्हणून वर्षातून एकदा, वर्गणी घेताना, नोंदवहीतले नंबर आणि गटातले नंबर ताडून पाहावेत.

येत्या बैठकीत ‘सगळे गटावर’ हा ठराव आला तर त्याला पुढील मजकूर जोडावा, ही विनंती :

‘गटावर टाकलेली प्रत्येक सूचना, ज्यांच्या नावापुढे नोंदवहीत एसएमएस, कॉल किंवा कागद असे लिहिले आहे त्यांना त्याच दिवशी त्या मार्गाने दिली जाईल. हे काम करणाऱ्या पाच जणांची नावे इतिवृत्तात नोंदवावीत. सभासदाच्या सहीशिवाय हा रकाना बदलू नये.’

आपले,
मोबाइल विक्री-दुरुस्ती, दूरसंचार अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्राचे अध्यापन या कामांतले काही इंदूरकर